सोनटक्का: लागवड आणि निगा

सोनटक्का हा आले, हळद आणि वेलदोडा यांच्या कुळातला. या भावंडांचे गड्डे आणि फळे स्वयंपाकघरात जातात; सोनटक्का लावला जातो तो फुलासाठी. पावसाळ्याच्या मध्यापासून दिवाळीच्या सुमारापर्यंत संध्याकाळी उमलणारे, पांढरेशुभ्र आणि दूरवर वास पसरवणारे हे फूल कोकणातल्या परसदारी नेहमीचे आहे. आता शहरात गॅलरीतल्या कुंडीतही सोनटक्का लावतात, आणि तक्रारी बहुतेक तिथूनच येतात. पाने भरपूर पण फूल नाही, पानांच्या कडा करपतात, किंवा दोन वर्षे छान फुलून तिसऱ्या वर्षी झाड बसते. या तक्रारींचे मूळ बहुतेक वेळा एकच असते: पाणथळ जागेच्या या झाडाला मोगऱ्याच्या पद्धतीने सांभाळले जाते. मोगऱ्याला पाण्याचा ताण दिला की बहर धरतो. सोनटक्क्याला ताण दिला की बहर जातो.

शास्त्रीय ग्रंथांत हे झाड हेडिकियम कोरोनेरियम या नावाने आढळते. लिनियसचा शिष्य योहान गेरहार्ड केनिग याने केलेले त्याचे वर्णन १७८३मध्ये प्रसिद्ध झाले. पूर्व हिमालय आणि ईशान्य भारतापासून म्यानमारमार्गे दक्षिण चीनपर्यंतचा प्रदेश हे त्याचे मूळ स्थान. तिथे ते ओढ्याकाठी, दलदलीच्या कडेला, विरळ झाडीच्या सावलीत वाढते. मुळाशी सतत ओल, सेंद्रिय अंश भरपूर असलेली माती, सकाळचे ऊन आणि दुपारची सावली एवढे त्याला मिळाले, की निगेचे बरेचसे काम झाले.

झाडाची रचना समजून घेतली तर पुढच्या अनेक सूचना वेगळ्या सांगाव्या लागत नाहीत. जमिनीखाली आल्यासारखा, पण जाडसर आणि आडवा पसरणारा कंद असतो. त्याच्या डोळ्यांतून तीन ते सहा फूट उंचीचे दांडे वर येतात. हे दांडे म्हणजे खरे खोड नव्हे. पानांच्या तळाची आवरणे एकमेकांभोवती घट्ट गुंडाळून ते तयार होतात. पाने दोन बाजूंना दोन ओळींत लागतात, लांब आणि टोकदार असतात, आणि त्यांच्या पाठीवर बारीक लव असते. प्रत्येक दांड्याच्या शेंड्याला हिरव्या, एकावर एक बसलेल्या खवल्यांचा कणसासारखा तुरा येतो आणि प्रत्येक खवल्याआडून दोन-तीन किंवा अधिक फुले पाळीपाळीने बाहेर पडतात. त्यामुळे एका तुऱ्यावर फूल दिसण्याचा काळ दोन-तीन आठवड्यांपर्यंत लांबतो. मात्र एक दांडा आयुष्यात एकदाच फुलतो. तुरा संपला की त्या दांड्याला पुन्हा कधीही फूल येत नाही, त्याला कितीही खत घातले तरी. पुढचा बहर नव्या दांड्यांवर येतो आणि नवे दांडे कंदातून येतात. म्हणून सोनटक्क्याची निगा म्हणजे कंदाची निगा.

फुलाचीही गंमत आहे. फुलपाखरासारखे पसरलेले जे भाग पाकळ्या वाटतात, त्या खऱ्या पाकळ्या नसतातच. खऱ्या पाकळ्या तीन, अरुंद, मागे वळलेल्या आणि सहज दुर्लक्ष होईल अशा असतात. दोन पंख आणि खालचा रुंद, दुभंगलेला ओठ हे वांझ पुंकेसरांचे रूपांतर आहे. परागकण देणारा पुंकेसर एकच असतो. फुलाची नळी तीन इंचांच्या आसपास लांब असते आणि मध तिच्या तळाशी असतो, त्यामुळे तो लांब सोंडेच्या निशाचर पतंगांना मिळतो. संध्याकाळी उमलणे, पांढरा रंग आणि अंधारात वाढणारा वास ही सगळी सोय या पतंगांसाठी आहे.

रोप किंवा कंद घेताना ओळख पक्की असावी, कारण फूल नसताना या वर्गातली झाडे एकमेकांसारखी दिसतात. पेवा हे झाड सोनटक्का म्हणून सहज गळ्यात पडते. पेव्याची पाने दांड्याभोवती जिन्यासारखी वळत वर जातात. सोनटक्क्याची सरळ दोन ओळींत असतात. कर्दळीची पाने बरीच रुंद असतात आणि तिच्या कंदाला आल्याचा वास येत नाही. सोनटक्क्याचा कंद मोडला की सौम्य, आल्यासारखा वास येतो. रंगीत चित्रे पाहून हिमालयातला हेडिकियम गार्डनेरियानम मागवण्याचा मोह अनेकांना होतो. पिवळी फुले आणि त्यांतून बाहेर डोकावणारे लाल पुंकेसर फार देखणे दिसतात, पण तो थंड हवेचा आहे. मुंबई किंवा नागपूरच्या उन्हाळ्यात त्याचे हालच होतात. मैदानी आणि किनारपट्टीच्या हवेत साधा पांढरा सोनटक्काच लावावा. फिकट पिवळ्या फुलांची जातही मिळते आणि तिची निगा याच पद्धतीने करता येते.

लागवडीला सर्वांत चांगला काळ मेच्या अखेरीपासून जूनअखेरपर्यंतचा. कंद दोन-तीन ठसठशीत डोळे असलेला, टणक आणि बोटभर तरी लांब असावा. मऊ पडलेला, कुबट वासाचा किंवा कापल्यावर आत तपकिरी दिसणारा तुकडा घेऊ नये. मोठ्या गड्ड्याचे तुकडे केले असतील तर कापलेल्या बाजू एक दिवस सावलीत सुकू द्याव्यात आणि त्यांना राख किंवा ट्रायकोडर्माची भुकटी लावावी. कंद आडवा, डोळे वर येतील असा ठेवून त्यावर दीड ते दोन इंच माती घालावी. खोल पुरलेला कंद पहिल्याच मोठ्या पावसात कुजतो; नवख्या हातांनी लावलेले बरेच सोनटक्के असेच जातात. पावसाळ्यात शेजाऱ्याकडून मुळांसकट उपटलेला दांडा मिळाला तर तो एका फुटावर छाटून लावावा. वरचा भाग सुकला तरी बुंध्याशी नवा कोंब येतो.

जमिनीत लावायचा असेल तर दोन कंदांमध्ये दीड-दोन फूट अंतर ठेवावे. दोन वर्षांत ते भरून निघते. कोकणातल्या जांभ्याच्या लाल मातीतून पाणी झटकन निघून जाते, म्हणून खड्ड्यात कुजलेले शेणखत आणि पालापाचोळा सढळ हाताने मिसळावा. देशावरच्या काळ्या मातीची अडचण उलटी. ती पाणी धरते, पण उन्हाळ्यात भेगाळते आणि तिच्यात चुनखडी असली तर झाडाला लोह मिळत नाही. तिथे निम्मी माती काढून पोयटा आणि पानांचे कंपोस्ट भरणे हिताचे. किंचित आम्ल ते उदासीन माती या झाडाला मानवते. शेणखत कुठेही पूर्ण कुजलेलेच वापरावे. अर्धवट कुजलेल्या खतातून हुमणीच्या अळ्या येतात आणि झाड सुकू लागेपर्यंत त्यांचा पत्ता लागत नाही.

पारंपरिक परसात केळी आणि अळू यांच्याबरोबर सोनटक्काही न्हाणीच्या पाण्यावर वाढत असे. ती जागा त्याच्यासाठी योग्यच होती. आज मात्र त्या वाटेने कपड्यांच्या पावडरीचे पाणी येते. त्यातले क्षार साठत गेले की पानांच्या कडा करपतात. भाजी-तांदूळ धुतलेले पाणी बिनधास्त घालावे, साबणाचे घालू नये.

कुंडीत लावताना खोलीपेक्षा रुंदीला महत्त्व द्यावे, कारण कंद खाली जात नाही, आडवा पसरतो. चौदा ते सोळा इंच तोंडाची आणि बारा इंच खोल कुंडी किंवा टब ही किमान गरज आहे. अर्धा कापलेला प्लॅस्टिकचा ड्रम त्याहून उत्तम. मातीची कुंडी दिसायला छान, पण ती लवकर सुकते आणि फुगणाऱ्या कंदांनी तडकू शकते. दोन भाग पोयटा माती, एक भाग शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग कोकोपीट असे मिश्रण पुरते. कुंडीच्या तळाला भोके हवीतच. झाड पाणथळ जागेचे असले तरी ओढ्याकाठचे पाणी हलते असते. बंद कुंडीत साचून आंबणारे पाणी वेगळे. वाहती ओल आणि कुजकी ओल यांतला हा फरक विशेषतः थंडीत महत्त्वाचा ठरतो, कारण तेव्हा झाड पाणी ओढतच नाही.

जागा निवडताना पूर्वेकडची गॅलरी मिळाली तर प्रश्नच मिटतो. सकाळचे चार-पाच तास ऊन आणि दुपारनंतर सावली असेल तर दांडे जाड होतात आणि तुरे चांगले येतात. पूर्ण सावलीत झाड हिरवेगार दिसते, उंचही वाढते, पण फुलत नाही. "पाने येतात, फूल नाही" या तक्रारीचे हे पहिले कारण. पश्चिमेची गॅलरी असेल तर मार्च ते मे दुपारी हिरवी जाळी बांधावी. विदर्भ आणि मराठवाड्यात तिच्यावाचून गत्यंतर नाही. वरच्या मजल्यांवर वाऱ्याचाही विचार करावा लागतो. पावसाळी वाऱ्यात उंच दांडे आडवे होतात आणि पाने फाटतात. कुंडीत सुरुवातीलाच दोन-तीन बांबूच्या काठ्या रोवून दांड्यांना सैल दोरीचा आधार द्यावा. काठी नंतर रोवली तर ती नेमकी कंदात घुसते. बैठ्या घरात झाड पागोळ्यांच्या थेट खाली येणार नाही इतके बाजूला लावावे. नाहीतर तुरे ऐन भरात असताना उमललेली फुले पाण्याच्या माऱ्याने लोळागोळा होतात.

पाण्याचा नियम सोपा आहे: मातीचा वरचा इंचभर थर सुकण्याआधी पाणी द्यावे. पावसाळ्यात बाहेरच्या झाडाला याची गरज पडत नाही, पण गॅलरीत पाऊस क्वचितच पोचतो. बाहेर धो धो पाऊस आणि आत कुंडी कोरडी, असे ऑगस्टमध्ये सर्रास होते. नेमक्या त्याच काळात दांड्याच्या पोटात तुरा तयार होत असतो आणि तेव्हा दोन-चार दिवसांची कोरड पडली तर तुरा आखूड येतो किंवा येतच नाही. पाने लांबीच्या दिशेने नळीसारखी वळू लागली की झाड तहानलेले आहे असे समजावे. एप्रिल-मेमध्ये कुंडीखाली थाळी ठेवून तिच्यात थोडे पाणी राहू दिले तर चालते, किंबहुना झाडाला ते आवडते. मात्र ती थाळी आठवड्यातून एकदा तरी रिकामी करून घासावी, कारण डेंग्यूचे डास अशाच साठ्यात वाढतात. मातीवर वाळलेली पाने, उसाचे पाचट किंवा नारळाचा काथ्या यांचे दोन इंच आच्छादन घातले की पाण्याची गरज बरीच कमी होते.

सोनटक्का खादाड आहे. जूनच्या पहिल्या पावसाबरोबर कुंडीला दोन-तीन मुठी गांडूळखत आणि एक मूठ निंबोळी पेंड द्यावी. त्यानंतर सप्टेंबरपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी मूठभर गांडूळखत किंवा पातळ केलेली शेणस्लरी पुरते. युरियासारखे केवळ नत्र देणारे खत टाळावे. त्याने पानांचा पसारा वाढतो, दांडे लुसलुशीत होऊन मोडतात आणि फूल मागे पडते. कळीच्या काळात लाकडाची राख चिमूटभर घालण्याची जुनी पद्धत पालाशासाठी चांगली आहे, पण चुनखडीच्या मातीत ती नको. कोवळी पाने पिवळी आणि त्यांतल्या शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या तर ती लोहाची उणीव असते. चिलेटेड लोहाची फवारणी वेष्टनावर दिलेल्या प्रमाणात केली की नवी पाने हिरवी येऊ लागतात. बोअरचे जड पाणी वापरणाऱ्या घरांत हे हमखास दिसते.

जूनमध्ये लावलेला कंद दमदार असेल तर पहिल्याच वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये एखादा तुरा देतो. खरा बहर दुसऱ्या वर्षापासून येतो, तेव्हा पहिल्या वर्षी निराश होऊन झाड उपटू नये. फुले काढायची तर दुपारी चारनंतर, फुगलेल्या पण न उमललेल्या कळ्या खुडाव्यात. ओल्या फडक्यात ठेवल्या तर त्या संध्याकाळी उमलतात आणि गौरी-गणपतीच्या पूजेला किंवा केसांत माळायला ताज्या मिळतात. उमललेले फूल दुसऱ्या दिवशी पिवळट पडून मलूल होते. पाकळ्यांना बोट लागले तरी डाग पडतो, म्हणून फूल नळीला धरूनच तोडावे. फुलदाणीसाठी मात्र आख्खा तुरा कापणे चांगले: दोन-तीन फुले उमललेला तुरा रोज पाणी बदलत ठेवला तर पुढच्या कळ्या घरात उमलत राहतात. बंद खोलीत हा वास काहींना उग्र होतो, डोके धरते; अशांनी फुलदाणी दिवाणखान्यात ठेवावी. ऑक्टोबरच्या उन्हात, विशेषतः कोरडे वारे सुटले की, कळ्या न उमलता तपकिरी पडतात. तेव्हा कुंडी आत सरकवून पाणी वाढवणे एवढाच उपाय असतो.

तुऱ्यातले शेवटचे फूल गळाले की तो दांडा लगेच जमिनीलगत कापण्याची घाई करू नये. पाने हिरवी असेपर्यंत ती कंदाला अन्न पुरवतात. पाने पिवळी पडू लागली की धारदार कात्रीने दांडा बुंध्यापासून दोन इंच ठेवून कापावा. न फुललेले दांडे अजिबात तोडू नयेत. डिसेंबर-जानेवारीत झाड मंदावते; देशावर पाने बरीचशी वाळतात, किनारपट्टीवर ओल मिळाली तर हिरवी राहतात. या काळात खत बंद आणि पाणी निम्म्यावर आणावे. माती किंचित दमट असावी, चिकचिकीत नसावी. फेब्रुवारीच्या अखेरीला नवे कोंब दिसू लागले की पाणी पुन्हा वाढवावे. बर्फ पडणाऱ्या देशांत राहणाऱ्यांनी झाड कुंडीतच ठेवावे आणि रात्री थंड होऊ लागल्या की घरात घ्यावे. हिमतुषारांनी पाने काळी पडतात. कुंडी घरात मावत नसेल तर दांडे कापून कंद किंचित दमट कोकोपीटमध्ये, गोठणार नाही अशा जागी वसंतापर्यंत ठेवता येतात.

दर तीन वर्षांनी विभागणी करावी लागते. तिसऱ्या वर्षी झाड बसते ते इथे: कुंडी कंदांनी खच्चून भरते, पाणी आत न जिरता कडेने वाहून जाते आणि मधले जुने गड्डे थकतात. मेमध्ये कुंडी आडवी करून सगळा गड्डा बाहेर काढावा. कडेचे ताजे, डोळे असलेले कंद पुन्हा नव्या मातीत लावावेत आणि मधला लाकडासारखा झालेला भाग टाकून द्यावा. जमिनीतल्या झाडाला ही गरज उशिरा पडते, कारण तिथे त्याला सरकायला जागा असते.

किडी-रोगांचा त्रास तसा कमी. उन्हाळ्यात कोरड्या गॅलरीत पानांच्या पाठीवर लालसर कोळी येतात आणि पाने फिकट, ठिपकेदार दिसू लागतात. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पानांची मागची बाजू दोन-तीन दिवसांआड धुतली की ते आटोक्यात येतात. पिठ्या ढेकूण पानांच्या बेचक्यात लपतो. तो कापसाच्या बोळ्याने पुसून काढावा आणि नंतर लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल आणि थोडा मवाळ साबण मिसळून फवारावे. पावसाळ्यात हळदीचे पान गुंडाळून आत बसणारी अळी सोनटक्क्यावरही येते. ती एका लहान फुलपाखराची अळी असते. दोन-चार पाने गेली तर काही बिघडत नाही, अळ्या जास्त झाल्या तर गुंडाळी उघडून वेचाव्यात. खोडकिडा जास्त घातक. शेंड्याचे कोवळे पान एकटेच वाळले आणि दांड्याला भोक पडून भुसा बाहेर आलेला दिसला, तर तो दांडा मुळापासून कापून नष्ट करावा. गोगलगाई रात्री विजेरी घेऊन वेचणे हाच खात्रीचा मार्ग आहे. कंदकूज झाली तर दांडा ओढताच बुंध्यातून अलगद निघून येतो. अशा वेळी औषधाच्या मागे लागण्यापेक्षा गड्डा उकरून कुजका भाग निरोगी पांढऱ्या गरापर्यंत कापावा आणि उरलेला तुकडा नव्या मातीत, नव्या कुंडीत लावावा.

विभागणीनंतर कंद नेहमीच उरतात, आणि ते कुठे टाकायचे हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. ओलाव्यात पडलेला डोळ्याचा लहानसा तुकडाही रुजतो. ब्राझीलच्या पाणथळ जागी आणि हवाई बेटांवर बागांतून निसटलेल्या सोनटक्क्याने मूळच्या वनस्पतींची जागा व्यापली आहे. क्युबातही तो बाहेरूनच आलेला, तरी १९३६पासून तो तिथले राष्ट्रीय फूल आहे. न्यूझीलंडमध्ये त्याच्या दोन भावंडांची, गार्डनेरियानम आणि पिवळट फुलांच्या फ्लेव्हेसेन्स या जातींची, विक्री आणि लागवड करण्यास मनाई आहे. तिथे राहणाऱ्यांनी कंद मागवण्याआधी जात तपासून घ्यावी. सह्याद्रीत हे झाड मूळचे नाही, म्हणून जास्तीचे कंद ओढ्यात, नाल्यात किंवा रानाच्या कडेला टाकू नयेत. ते शेजारीपाजारी वाटावेत, आणि जे उरतील त्यांचे तुकडे करून उन्हात पूर्ण वाळवल्यावरच कंपोस्टच्या खड्ड्यात घालावेत.